एक लिटर पेट्रोल, दहा हजार लिटर हवा

मामांच्या गाडीचं इंजिन घरातच आहे. ड्रायव्हरची सीट आणि शेजारची सीट यांच्या मधोमध पत्र्याचा एक मोठा पेटारा दिसतो. त्याच्या कड्या काढून झाकण उचललं की इंजिन समोर, बसल्या जागेवरून स्क्रू फिरवता येईल इतकं जवळ. गाडी महिंद्राची एफसी १५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल: पुढे नाक नाही, चालक थेट पुढच्या चाकांवर बसलेला. विलीजच्या आराखड्यावरून महिंद्रांनी साठच्या दशकात ही गाडी आपल्याकडे बनवायला घेतली. तिच्या सांगाड्यावर कुणी मिनीबस बांधली, कुणी रुग्णवाहिका. मामांनी निवृत्तीनंतर तिच्यावर घर बांधलं. प्लायवूडच्या दोन बाकांवर झोपायची सोय, एका कोपऱ्यात शेगडी, वर पाण्याची टाकी, मागच्या दाराला जाळी. बुऱ्हाणपूरहून निघून तापीच्या काठाकाठाने जायचं, जिथे सावली दिसेल तिथे मुक्काम करायचा.

अमेरिकेत अशा फिरत्या घरांचा मोठा काळ होऊन गेला. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावात विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम बांधायला सुरुवात केली. पुढे अशी कितीतरी घरं डॉजच्या सांगाड्यावर उभी राहिली आणि त्यातल्या अनेकांच्या पोटात ४४० घनइंचांचं, म्हणजे सव्वासात लिटरच्या आसपासचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. त्यांचंही इंजिन असंच दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. मामांचं इंजिन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, २,१९९ सीसी, चार सिलिंडर, नाव हरिकेन. पण मोठं असो की लहान, दोन्हींच्या डोक्यावर बसलेला कार्ब्युरेटर एकच कोडं सोडवतो. या डिसेंबरात मामांच्या गाडीचा कार्ब्युरेटर बदलायची वेळ आली आणि त्या निमित्ताने ते कोडं मला पहिल्यांदा नीट दिसलं.

कोडं असं. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. आणि किती लागते हे ठरलेलं आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा. वजनात सांगितलं की हा आकडा साधा वाटतो. लिटरमध्ये मांडून पाहा. बुऱ्हाणपुरात मे महिन्याच्या दुपारी, पारा ४४ अंशांवर असताना, एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी एक खोली भरून हवा, एका लिटरला! डिसेंबरच्या पहाटे, दहा अंशांवर, थंड हवा दाटून आलेली असते, तेव्हा नऊ हजार लिटरमध्ये भागतं. गाव तेच, गाडी तीच, पेट्रोल तेच. फक्त ऋतू पालटला आणि हिशेबात हजार लिटरचा फरक पडला.

आता हेच सिलिंडरच्या बाजूने पाहू. हरिकेनचं एक सिलिंडर साधारण साडेपाचशे मिलिलिटरचं. पाय दाबून गाडी जोरात चाललेली असताना ते एका श्वासात जेवढी हवा घेतं, तिच्यासोबत जेमतेम एक थेंब पेट्रोल जायला हवं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक थेंब. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला असे शंभर श्वास होतात. शंभर वेळा हवा मोजायची, शंभर वेळा तिच्या प्रमाणात थेंब द्यायचा. ड्रायव्हरने पाय थोडा सैल सोडला की दोन्ही त्याच क्षणी कमी करायचे. आणि हे सगळं करणाऱ्या वस्तूत ना तार आहे, ना बॅटरी, ना मेंदू. हातात मावेल असं एक ओतीव भांडं, त्यात भोकं पाडलेले पितळेचे काही तुकडे, एक तरंगणारी डबी आणि एक-दोन स्प्रिंगा.

लहानपणी डास मारायचा फ्लिटचा पंप आठवतो का? पुढे दट्ट्याची नळी, तिच्या तोंडाखाली औषधाची डबी. दट्ट्या ढकलला की हवा डबीतल्या बारीक नळीच्या टोकावरून सुसाट जायची आणि औषध आपोआप वर चढून फवारा व्हायचा. औषधाला कुणी ओढत नव्हतं. नळीच्या टोकाशी हवा वेगात असल्यामुळे तिथला दाब उतरायचा, डबीतल्या औषधावर बाहेरच्या हवेचा दाब होता तेवढाच राहायचा, आणि तो दाब औषधाला वर ढकलायचा. स्ट्रॉने लस्सी पिताना तोंड लस्सी ओढतं असं आपल्याला वाटतं. खरं तर तोंड फक्त जागा रिकामी करतं, लस्सी वर चढवते ती ग्लासवर बसलेली गावाची हवा.

कार्ब्युरेटरचा गळा मधोमध चिमटलेला असतो. रुंद पात्रातली नदी खडकांच्या चिंचोळीतून जाताना धावते, तशी हवा त्या चिमट्यातून धावते. वेग वाढला की दाब घटतो हे डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये ग्रंथात मांडलं होतं. नळी चिमटल्यावर नेमकं काय होतं याचे प्रयोग इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंच्युरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून त्या चिमट्याला आजही व्हेंच्युरी म्हणतात. दोघांपैकी कुणीही पेट्रोलवर चालणारी गाडी पाहिलेली नव्हती. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून नुसती फिरवून वाफ गोळा केली जायची. व्हेंच्युरीच्या तोंडाशी बारीक नळी आणून पेट्रोलचा फवारा करायचा ही युक्ती १८९३ च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी जवळजवळ एकाच वेळी साधली. एक फुलवाली तोंडाने पाण्याचा फवारा मारून फुलं ताजी ठेवत होती, तिला पाहून हे सुचलं असं सांगतात. गोष्ट खरी असो नसो, फवारा तोच आहे.

म्हणजे इंजिन पेट्रोल पीत नाही. गाव इंजिनाला पेट्रोल पाजतं. डोक्यावरच्या हवेच्या थराचा भार, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, तो भार थेंबाथेंबाने पेट्रोल वर ढकलतो. हे एकदा लक्षात आलं की पुढची गोष्ट आपोआप समजते: कार्ब्युरेटर नेहमी कुठल्या तरी जागेचा असतो. समुद्रकाठच्या शहरात जुळवलेला कार्ब्युरेटर तिथली हवा, तिथला उष्मा, त्या काळचं पेट्रोल गृहीत धरून बसलेला असतो. दुसऱ्या गावात आणून लावला की त्याला नवं गाव शिकवावं लागतं. त्या शिकवण्यालाच आपण ट्यूनिंग म्हणतो.

मामांच्या जुन्या कार्ब्युरेटरचा आजार साधा होता, पण तो बरा होणारा नव्हता. गळ्यात एक पातळ चकती असते, पाय दाबला की ती उघडते. ती ज्या दांडीवर फिरते ती दांडी इतक्या वर्षांत घासून ढिली झाली होती. दांडीच्या बाजूच्या फटीतून चोरहवा आत शिरायची. मिस्त्रींनी ऑइलकॅनने तिथे दोन थेंब तेल सोडलं आणि क्षणभर इंजिनाचा आवाज सुधारला, कारण तेलाने फट बुजली. दोन थेंबांत निदान झालं. मग शोध घेऊन एका मोठ्या शहरातल्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच जातीचा सोलेक्स मिळवला. सोलेक्स ही मूळची फ्रेंच कंपनी. आपल्याकडे हे कार्ब्युरेटर मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडने वर्षानुवर्षं बनवले आणि कितीतरी जीपा व मोटारींना बसवले. विकणारा म्हणाला होता, ‘लावा आणि चालवा, काही करायची गरज नाही.’

मिस्त्री रावेरकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी तो लावलाच नाही. आधी उघडला.

‘मामा, बाहेरून पॉलिश केलंय. आत कोण राहतं ते बघू.’

आत राहते ती वाटी, म्हणजे फ्लोटची कोठडी. पंपाकडून आलेलं पेट्रोल आधी इथे साठतं. त्यावर पितळेची पोकळ डबी तरंगते. पातळी वाढली की डबी वर येते आणि एक टोकदार सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते. घरावरच्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. पण इथे अचूकपणा फार वरचा हवा, कारण फवाऱ्याच्या नळीचं तोंड पेट्रोलच्या पातळीच्या अगदी किंचित वर असतं. पातळी दोन मिलिमीटर जास्त झाली तर पेट्रोल न बोलावता गळ्यात सांडायला लागतं. कमी झाली तर हवेला ते वर चढवायला जास्त जोर लावावा लागतो आणि इंजिन उपाशी राहतं.

मिस्त्रींनी डबी काढून कानाशी हलवली. आतून अगदी बारीक, चूळ भरल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी चहाच्या पातेल्यात पाणी गरम करून घेतलं, शेगडीपासून लांब आणून ठेवलं आणि डबी त्यात बुडवली. तीन-चार सेकंद काही नाही. मग जोडाच्या कडेवरून एक बुडबुडा सुटला, मोहरीएवढा. त्यामागे दुसरा. डबीतली हवा तापून फुगली आणि सुईच्या टोकाहूनही बारीक अशा भोकातून बाहेर पडू लागली. त्याच भोकातून पेट्रोल आत शिरत होतं, डबी जड होत होती, आणि जड डबी वाट पूर्ण बंद करत नव्हती. आतलं पेट्रोल पुरतं बाहेर काढून, वाळवून, मग डाग दिला. तोही चिमूटभर, कारण कथिल जास्त झालं तर डबी पुन्हा जडच व्हायची. लावा-आणि-चालवा म्हणून आलेला तो कार्ब्युरेटर तसाच लावला असता तर बंदिस्त केबिनमध्ये, झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर, कच्चं पेट्रोल सांडत राहिलं असतं. म्हणूनच गॅसचा सिलिंडर त्यांनी सकाळीच उतरवून झाडाखाली नेऊन ठेवला होता आणि दोन्ही दारं सताड उघडी होती.

वाटीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. बघताना वाटतं, राहून गेलेलं असेल. ते बुजलं तर गाडी बंद पडते. पेट्रोलवर हवेचा दाब याच छिद्रातून येतो. ते बंद झालं की ढकलणाराच उरत नाही. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या गावातल्या कुंडी भंडाऱ्याची आठवण झाली. जहांगीराच्या काळात, अब्दुल रहीम खानखानान इथे असताना, १६१५ मध्ये तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारात झिरपणारं पाणी हेरलं आणि जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणलं. पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. लालबागेकडे गेलात की शेतातून, वस्तीतून एका ओळीत गेलेली विहिरींसारखी तोंडं दिसतात. अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत. त्यातल्या एका कुंडीतून मी ऐंशीएक फूट खाली उतरलो आहे. खाली चुन्याची पुटं चढलेल्या भिंती, गुडघाभर निवळ पाणी आणि डोक्यावर रुपयाएवढं आकाश. त्या कुंड्यांतूनच बोगदा श्वास घेतो. पाण्याने स्वतःहून वाहावं असं वाटत असेल तर त्याच्यापर्यंत आकाश पोचवावं लागतं, हे ज्याने ओळखलं त्याच्या आणि ज्याने वाटीच्या झाकणाला ते छिद्र ठेवलं त्याच्या मधे पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ आहे. मला ते दोघे एकाच घराण्यातले वाटतात.

आता जेट. मिस्त्रींनी पेचकसाने मुख्य जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा छोटा खिळा, मधून आरपार भोक, आणि डोक्यावर कोरलेला आकडा: १२५. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटर. पुढचा जेट १३०. फरक पाच शतांश मिलिमीटरचा, आपल्या बारीक केसाच्या जाडीइतका. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे तेवढ्या केसाने पेट्रोल आठ टक्क्यांनी वाढतं! म्हणून जुने मिस्त्री जेटमध्ये तार घालू देत नाहीत. तार घातली की भोक खरवडतं आणि १२५ चा जेट मुकाट्याने १२८ चा होतो, वरचा आकडा मात्र तोच सांगत राहतो. फुंकर किंवा दाबाची हवा, एवढंच. बर्था बेंझने ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याची गाडी घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला तेव्हा वाटेत इंधनाची नळी तुंबली होती आणि तिने ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तिची नळी होती, जेट नव्हता. तिला माफ आहे. त्याच प्रवासात वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं. मला त्या पिनेचं आणि मिस्त्रींच्या फुंकरीचं नातं फार जवळचं वाटतं.

एका जेटने भागत नाही. हवा वेगाने धावायला लागली की ती विरळही होत जाते. पेट्रोल द्रव असल्यामुळे विरळ होत नाही. म्हणजे नुसतं एक भोक ठेवलं तर वेग वाढेल तसं मिश्रण घट्ट होत जाईल. त्यावर उपाय असा की पेट्रोलच्या नळीत वरून दुसऱ्या जेटने थोडी हवाच सोडायची. वेग जितका जास्त तितकी ही हवा जास्त, आणि पेट्रोल फेसाळून आपोआप आवरलं जातं. सोलेक्समध्ये ही भोकं पाडलेली नळी बाहेर काढून पाहिली तर बासरीचा तुकडा वाटतो.

गाडी उभी असताना वेगळीच अडचण. पाय सोडला की चकती जवळजवळ मिटते, गळ्यात हवा रेंगाळते, चिमट्यात जोरच उरत नाही, मुख्य जेट गप्प होतो. मग इंजिन कशावर जगतं? चकतीच्या खाली, जिथे इंजिनाची ओढ पूर्ण जोराची असते, तिथे एक टाचणीएवढी वाट ठेवलेली असते, आणि तिच्या तोंडाशी टोकदार स्क्रू. गॅरेजमध्ये याला मिक्श्चरचा स्क्रू म्हणतात. दुसरा रेसचा स्क्रू, तो चकती किती मिटायची ते ठरवतो. ट्यूनिंग म्हणून जे डोळ्यांना दिसतं ते या दोन स्क्रूंचं.

पण त्याआधी अर्धा दिवस मिस्त्रींनी कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. प्लग काढून साफ केले, डेल्कोतल्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली, टायमिंग पाहिलं, टॅपेटची फट मोजली. ठिणगी लंगडत असेल तर कार्ब्युरेटर कितीही नीट जुळवा, दोष फक्त जागा बदलतो. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं: ‘आधी वीज, मग पेट्रोल.’ नंतर नवं गॅस्केट घालून कार्ब्युरेटर बसवला, आणि इंजिन बंद ठेवूनच मला गळ्यात डोकवायला सांगून रेसची दांडी ओढली. आत पेट्रोलची एक सुईसारखी सरळ धार उडाली आणि थांबली. पाय अचानक दाबला की हवा हलकी म्हणून लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. त्या निमिषाची उणीव भरायला हा छोटा पंप असतो. धार तुटक आली असती तर चौकात निघताना गाडीने दचका दिला असता.

मग इंजिन सुरू झालं. तापू दिलं. मिस्त्रींनी मिक्श्चरचा स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून दीड फेरा बाहेर घेतला होता. आता ते मान तिरकी करून बसले आणि स्क्रू आत घ्यायला लागले, पाव फेरा, थांबून, पुन्हा पाव फेरा. इंजिनाचा आवाज पातळ होत गेला, मग एकदम थरथरलं, पेटाऱ्यावर ठेवलेला चहाचा ग्लास किणकिणला. ही उपासमार. आता उलट, बाहेर. आवाज भरत गेला, गोल झाला, आणि अजून बाहेर घेतल्यावर जड पडला. जेवून सुस्तावलेल्या माणसासारखं इंजिन लोळत लोळत फिरायला लागलं, मागच्या नळीतून पेट्रोलचा वास. हे अजीर्ण. या दोन्हींच्या मधे एक जागा असते, स्क्रूच्या पाऊण फेऱ्याची. त्या पाऊण फेऱ्यात कुठेतरी इंजिन सगळ्यात जोरात आणि सगळ्यात शांत चालतं. तिथे पोचल्यावर रेसचा स्क्रू थोडा सोडायचा, इंजिन मंद करायचं, आणि पुन्हा मिक्श्चर शोधायचं, कारण चकती हलली की ओढही बदलते. असं तीनदा झालं. शेवटी मिस्त्रींनी मागे जाऊन धुराच्या नळीशी दहाची नोट धरली. नोट फडफडत राहिली, एकसारखी. एखादा सिलिंडर चुकत असता तर ती मधेच आत ओढली गेली असती.

मामांनी हौसेने ओढ मोजायचा गेज आणला होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनाचा काटा सतरा ते एकवीस इंच पाऱ्यावर स्थिर उभा राहतो. आमचा अठराच्या थोडा वर उभा राहिला, हलला नाही. पण पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फूट उंचीला एक इंच वजा करायचा. बुऱ्हाणपूर अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आठशे फूट. तर इथे पाऊण इंच कमी दिसलं तरी इंजिन तितकंच निरोगी. मोजणारं यंत्रही गाव विचारूनच बोलतं!

एका गोष्टीने मात्र मिस्त्रींनाही विचार करायला लावलं, आणि ती म्हणजे आजचं पेट्रोल. हे इंजिन आखलं गेलं तेव्हा पेट्रोल म्हणजे पेट्रोलच होतं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. ऊस, मका, तुकडा तांदूळ यांपासून केलेलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, एका किलोला फक्त नऊ किलो. नव्या गाड्यांमध्ये धुराच्या वाटेवर ऑक्सिजन हुंगणारा सेन्सर असतो, तो संगणकाला सांगतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला हे कळायला मार्ग नाही. तो पूर्वीच्याच मापाने देत राहतो आणि इंजिनाला ते कमी पडतं. म्हणून १२५ चा जेट काढून १३० चा बसला. जुन्या पेट्रोलच्या जमान्यात तो जड ठरला असता. रबरी नळ्याही बदलल्या, कारण जुनं रबर इथेनॉलने फुगतं, चिरतं. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवायला सांगितलं.

उन्हाळ्याचीही तजवीज आत्ताच केली. हरिकेनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये, आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकच्या कुशीत. आत जाणाऱ्या हवेची वाट हेडमध्येच ओतलेली, आणि कार्ब्युरेटर थेट त्या हेडवर बसलेला. मे महिन्यात इंजिन बंद केलं की पंख्याचा वारा थांबतो आणि हेडची सगळी धग वर चढते. पेट्रोलमधले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. वाटीत अक्षरशः आधण येतं. पाच मिनिटांनी गाडी सुरूच होत नाही. या भागात जुन्या गाडीवाल्यांच्या डिकीत एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम असायची, पंपावर ओलं फडकं टाकायला. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचा जाड ठोकळा घातला, धग अडवायला. गंमत अशी की खुद्द कार्ब्युरेटर चालताना थंड पडतो. पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेते. तास-दीड तास इंजिन चालल्यावर मी हात लावून पाहिला: भोवती सगळं तापलेलं आणि त्या भांड्याचा गळा माठासारखा गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावा जिलेबी बांधून घेतली आणि असीरगडाकडे निघालो, वीसेक किलोमीटर उत्तरेला. अकबराने हा किल्ला १६०१ मध्ये घेतला. दक्षिणेचा दरवाजा म्हणत त्याला. आम्हाला हवा होता तो त्याचा चढ. सपाटीवर जुळलेला कार्ब्युरेटर चढावर खरा कळतो, कारण गाडी तिरपी झाली की वाटीतलं पेट्रोलही एका कडेला सरकतं. दुसऱ्या महायुद्धात हीच वाटी जीवघेणी ठरली होती. ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन विमानं (नाव तेच, आमच्या इंजिनाचं) नाक एकदम खाली करून सूर मारायला गेली की पेट्रोल वाटीच्या छताला चिकटायचं, इंजिन गुदमरायचं, आणि शत्रू निसटायचा. १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी त्यावर उपाय काढला: पितळेचं एक छोटं टोपण, मधे मोजून पाडलेलं भोक, जास्तीत जास्त जोराला लागेल तेवढंच पेट्रोल जाऊ देणारं. विमान सेवेतून न काढता ते बसवता यायचं. त्या स्वतः मोटरसायकलवरून एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाऊन ते बसवून घ्यायच्या.

पहिल्या वळणाला गाडी अडखळली नाही. दुसऱ्या गिअरवर, भरलेल्या घरासह, एका लयीत चढत राहिली. वर जाऊन इंजिन बंद केलं, मिस्त्रींनी एक प्लग गरम असतानाच काढला आणि उन्हात धरला. प्लगचं तोंड काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी. हे होतं चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं. मामा काही बोलले नाहीत, दोन्ही हात पेटाऱ्यावर ठेवून उभे राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांना चिखलदऱ्याला जायचं आहे. तिथली उंची अकराशे मीटरच्या घरात, हवा इथल्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने विरळ. हवा जेवढी घटते तेवढं पेट्रोल घटत नाही. म्हणजे तिथे हेच मिश्रण जड वाटणार. स्क्रू किती आत घ्यायचा ते मिस्त्रींनी दाखवून ठेवलं. मग त्यांनी मामींकडे नेलपॉलिश मागितली. लाल होती. मिक्श्चरच्या स्क्रूच्या डोक्यावरून कार्ब्युरेटरच्या अंगावर एक बारीक रेघ ओढली, म्हणजे स्क्रू फिरवला तरी मूळ जागा हरवू नये.

‘ही डिसेंबरची,’ ते म्हणाले. ‘मेमध्ये या. तेव्हा दुसऱ्या रंगाची आणा.’